‘मोर्दोर’मधला ‘मोर’ कोणाचा? टॉल्किनच्या नावांची फोड करायची रीत

रोहन हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येणारं नाव. त्यामुळे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही टॉल्किन यांची कादंबरी पहिल्यांदा वाचताना मराठी वाचक घोडेस्वारांच्या त्या राज्यापाशी थबकतो. हे संस्कृतातूनच घेतलेलं असणार, असं त्याच्या मनात येतं. मग मोरिया हे जमिनीखालचं शहर येतं आणि कानात ‘मोरया’ घुमतं. वार्दा ही ताऱ्यांची देवता येते आणि ‘वरदा’ आठवते. तिन्ही ठिकाणी कान फसवतो. आपला रोहन ‘रुह्’ धातूतला, म्हणजे वर चढणं, उगवणं. आरोहण, अवरोहण त्याच घरातले. टॉल्किन यांच्या पुस्तकातलं रोहान मात्र त्यांनी स्वतः घडवलेल्या सिंदारिन भाषेतलं. तिथे ‘रोख’ म्हणजे घोडा. त्याला प्रदेश दाखवणारा प्रत्यय लागून ‘रोखांद’ झालं, मग शेवटचा द गळून ‘रोखान’, आणि शेजारच्या गोंदोर राज्यातल्या माणसांच्या तोंडी घशातला ख मऊ पडून ‘रोहान’. दोन्ही नावं दिसायला जुळी, पण रक्ताचं नातं काहीच नाही.

या नावांचा अर्थ लावताना बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. नाव ऐकलं की लगेच अर्थाचा शोध सुरू होतो. त्याआधीचा प्रश्न कोणी विचारत नाही: हे नाव कोणाच्या तोंडचं आहे?

आधी भाषा ठरवा

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) पेशाने भाषेचे अभ्यासक. १९१९–२० मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशासाठी डब्ल्यूपासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या व्युत्पत्तींवर काम केलं. १९२५ पासून ते ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. आपल्या भाषा आधी आल्या आणि कथा त्या भाषांना जग मिळावं म्हणून रचल्या, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणूनच या नावांची फोड करता येते. नुसतं कानाला गोड म्हणून ठेवलेल्या नावाची फोड कशी करणार?

मध्य-पृथ्वी म्हणजे टॉल्किनचं कथाविश्व, तिथली नावं वेगवेगळ्या थरांतून येतात. एल्फ लोकांच्या दोन भाषा आहेत. क्वेन्या ही जुनी, विधींची आणि राजघराण्यांची भाषा, तिच्या घडणीत फिनिश भाषेचा मोठा वाटा. पुस्तकात तिला एल्फांची लॅटिन म्हटलंय. आपण संस्कृतशी ताडून पाहिलं तर तिचं स्थान चटकन कळतं. सिंदारिन ही रोजच्या बोलण्यातली, नाद वेल्शसारखा. नकाशावरच्या डोंगर-नद्यांची बहुतेक नावं तिच्यातली. ड्वॉर्फ या बुटक्या खाणकऱ्यांची खुझ्दुल आणि मोर्दोर या शत्रूच्या मुलखातली काळी बोली हे आणखी दोन छोटे थर. काळ्या बोलीतला लक्षात ठेवावा असा शब्द एकच: ‘नाझ्ग’ म्हणजे अंगठी, त्यावरून नाझ्गूल, अंगठ्यांना बांधले गेलेले पिशाच्चस्वार.

यापुढचा थर मात्र नीट समजून घ्यावा लागतो. ‘हे पुस्तक मूळ वेस्ट्रॉन नावाच्या भाषेत होतं, मी फक्त त्याचा इंग्रजी अनुवाद केला,’ अशी भूमिका टॉल्किननी घेतली. वेस्ट्रॉनच्या जागी आजची इंग्रजी आली. रोहानच्या लोकांची भाषा वेस्ट्रॉनच्या नात्यातली पण जुन्या वळणाची, म्हणून तिच्या जागी प्राचीन इंग्रजी. उत्तरेकडच्या डेलच्या माणसांच्या भाषेच्या जागी जुनी नॉर्स. मराठीत असाच प्रयोग करायचा तर शायर या हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या मुलखातली माणसं आजची मराठी बोलतील आणि रोहानचा राजा लीळाचरित्रातली. शायरमधला कथानायक फ्रोदो मूळ भाषेत मौरा होता आणि त्याचा माळी सॅमवाइज बानाझीर. ‘हॉबिट’ हेही अनुवादातलं रूप, ते लोक स्वतःला ‘कुदुक’ म्हणत.

थर ओळखायच्या काही खुणा आहेत. नाव ब, द किंवा ग ने सुरू होत असेल तर ते क्वेन्या नव्हे. क्वेन्यात हे वर्ण म्ब, न्द, ल्द, र्द, न्ग अशा जोडाक्षरांतच येतात. क्वेन्या शब्दाचा शेवटही ठरलेला: स्वर, नाहीतर न, ल, र, स, त यांपैकी एक. म्हणजे गोंदोर, बाराद-दूर, गालाद्रिएल या तिघांची क्वेन्याच्या यादीतून नुसत्या पहिल्या अक्षरावरून सुटका होते. थ, ध आणि घशातला ख जागोजागी दिसले आणि शेवट व्यंजनात झाला, तर बहुधा सिंदारिन. ‘एओ’ने सुरुवात किंवा ‘थेओ’ दिसलं की रोहान, म्हणजेच प्राचीन इंग्रजी. फिली-किली, ओइन-ग्लोइन अशा यमक जुळणाऱ्या जोड्या दिसल्या की नॉर्स. ख, झ आणि रोमन लिपीत डोक्यावर टोपी असलेले दीर्घ स्वर एकत्र आले, उदाहरणार्थ खाझाद-दूम, की खुझ्दुल.

उच्चार चुकला की फोडही चुकते

रोमन लिपीतलं सी हे अक्षर एल्फ भाषांत कायम ‘क’. पुढे ई किंवा आय असली तरीही. केलेबॉर्नला ‘सेलेबॉर्न’ म्हटलं तर त्यातला ‘केलेब’, म्हणजे चांदी, हाती लागत नाही. जी कायम ‘ग’. सी-एच म्हणजे घशात घासलेला ख. चाकातला च तिथे कधीच नसतो. सिंदारिन शब्दाच्या शेवटी एफ आला तर तो ‘व’ असतो: निन्दाल्व. जादूगार गँडाल्फचं नाव मात्र नॉर्स, त्यामुळे तिथे फ तसाच. भाषा आधी ठरवायला सांगितली ती याचसाठी.

ए-यू या जोडस्वराचा उच्चार ‘अउ’ आणि ए-आय याचा ‘अइ’. आपल्याला हे सोपं जातं, कारण मराठीत ‘औषध’मधला औ आणि ‘ऐरण’मधला ऐ आपण तसेच बोलतो. सौरॉन, स्मौग ही रूपं मूळ उच्चाराला बरीच जवळची आहेत. ‘सॉरॉन’ चूक.

डी-एच आणि टी-एच यांच्या बाबतीत देवनागरीचा खरा फायदा होतो. टॉल्किननी एल्फांसाठी तेंग्वार लिपी रचली, आणि तिचा तक्ता आपल्या वर्गांसारखाच आहे: एका स्तंभात उच्चाराचं स्थान एक, ओळीगणिक उच्चाराची तऱ्हा वेगळी. पहिला स्तंभ दंत्यांचा. तो वरून खाली वाचला की येतं त, द, थ, ध, न. यातले थ आणि ध आपल्यासारखे महाप्राण नाहीत, जीभ दातांना टेकवून हवा घासत सोडायची आहे. पण अक्षरं वेगळी राखायला आपली वर्णमाला पुरेशी आहे. या नावांत ट-ड लिहायची इंग्रजी सवय सोडावी आणि गोंदोर, मोर्दोर, इसिल्दुर असंच लिहावं. द आणि ध यांत गल्लत केली तर काय होतं ते पुढे गालाद्रिएलपाशी दिसेल.

आघाताचा नियम वृत्तं शिकलेल्याला दोन मिनिटांत येतो. दोन अक्षरी नावात आघात पहिल्या अक्षरावर. त्याहून मोठ्या नावात शेवटून दुसरं अक्षर बघायचं. ते गुरू असेल तर आघात त्याच्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. इसिल्दुरमध्ये ‘सि’च्या पुढे जोडाक्षर आलं म्हणून ‘सि’ गुरू, आघात तिथे. देनेथोरमध्ये ‘ने’ लघु, म्हणून आघात ‘दे’वर. इथे एक चूक हमखास होते. आपल्याकडे ए, ओ, आ नेहमी गुरूच मोजतात, आणि त्या हिशेबाने ‘ने’ गुरू ठरतो. या भाषांत ए, ओ आणि आ ऱ्हस्वही असतात. म्हणून मात्रा देवनागरीवरून मोजू नका. रोमन रूपात स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ किंवा टोपी असेल, किंवा तो जोडस्वर असेल, तरच दीर्घ धरा. आणि थ, ध, ख यांना रोमनमध्ये दोन अक्षरं लागत असली तरी ते एकेकच व्यंजन आहे. ‘देनेथोर’मधल्या थ मुळे ‘ने’ गुरू होत नाही.

एकाच जागेची सगळी नावं गोळा करा

फोड करण्याचं सगळ्यात भक्कम हत्यार हेच. या जगात एका डोंगराला एल्फ एक नाव देतात, ड्वॉर्फ दुसरं, माणसं तिसरं, आणि बऱ्याचदा ती एकमेकांची भाषांतरं असतात.

मोरियाच्या वरचा निष्ठुर डोंगर घ्या, ज्याच्यावरून हिमवादळामुळे फ्रोदो आणि त्याच्या सोबत्यांना परतावं लागतं. एल्फ त्याला काराध्रास म्हणतात, ड्वॉर्फ बाराझिन्बार, आणि माणसांच्या भाषेत तो रेडहॉर्न, म्हणजे तांबडं शिंग. तांबडं आणि शिंग हे दोन अर्थ हातात आले. आता ते सिंदारिन नावात कुठे बसतात ते शोधायचं. ‘कार-’साठी साक्षीदार हवा. तो मिळतो कार्नेन नदीत, जिचं माणसांतलं नाव रेडवॉटर. तिथे ‘नेन’ म्हणजे पाणी, मग उरलेला ‘कार’ म्हणजे तांबडा. पूर्ण रूप ‘कारान’. आता ‘-रास’. गोंदोरच्या पाठीशी उभी असलेली एरेद निम्राइस ही पर्वतरांग, शब्दशः पांढऱ्या शिंगांचे पर्वत. त्यातला ‘राइस’ हे ‘रास’चंच अनेकवचन. आणखी एक साक्षीदार मेथेद्रास, त्या धुक्याच्या पर्वतरांगेचं दक्षिणेकडचं शेवटचं शिखर. ‘मेथेद’ म्हणजे शेवटचं, ‘रास’ पुन्हा शिंग किंवा शिखर.

म्हणजे कारान + रास. पण मग ‘कारान्रास’ का नाही झालं? न आणि र शेजारी आले की सिंदारिनमध्ये त्यांचा ध्र होतो. म्हणून काराध्रास. आपण शाळेत ‘जगत् + नाथ = जगन्नाथ’ शिकलो, त्याच जातीचा हा व्यंजनसंधी. फोडीत एखादा वर्ण हिशेबाबाहेर उरला, तर आधी असा संधी तपासा. तुकडा चुकलाय असं लगेच ठरवू नका.

तोच प्रयोग इम्लाद्रिसवर करा. माणसांतलं नाव रिव्हेंडेल, चिरलेली दरी. ‘इम्लाद’ म्हणजे खोल दरी, ‘रिस’ म्हणजे चीर. मोरिया तर चार नावांनी भेटतं: ड्वॉर्फांचं खाझाद-दूम, माणसांचं ड्वॅरोडेल्फ, एल्फांनी ड्वॉर्फांचा शब्द आपल्या तोंडी बसवून केलेलं हाधोद्रोंद, आणि मागाहून भीतीपोटी पडलेलं मोरिया. पहिल्या तिघांत ड्वॉर्फ आहेत. चौथ्यात नाहीत. चौथं हे भाषांतर नव्हे, घडलेल्या अनर्थानंतरचं नाव आहे: ‘मोर’ काळा, ‘इया’ खोल दरड. सगळीच नावं एकमेकांची भाषांतरं असतील असं गृहीत धरलं की इथे घोळ होतो.

तुकडे, आणि दोन साक्षीदारांचा नियम

कुठल्याही तुकड्याचा अर्थ त्याच भाषेतल्या आणखी दोन नावांत पटल्याशिवाय मान्य करू नका. शीर्षकातला ‘मोर’ बघा. मोर्दोर म्हणजे काळा प्रदेश. मोरान्नोन म्हणजे काळं दार, ‘आन्नोन’ दार. मोर्गुल म्हणजे काळी विद्या. शिवाय मोरिया. चौघांत काळा, सगळे सिंदारिन, तुकडा पक्का. ‘दोर’ म्हणजे प्रदेश, त्याचा साक्षीदार गोंदोर, दगडांचा देश.

सुरुवातीला एवढा साठा पुरतो:

- मिनास: मनोरा, गढी. मिनास तिरिथ म्हणजे पहाऱ्याची गढी.
- बाराद: बुरूज. बाराद-दूर म्हणजे अंधारा बुरूज.
- आमोन: टेकडी. ओरोद: पर्वत.
- मिथ: राखाडी. मिथ्रान्दिर म्हणजे राखाडी भटक्या, मिथ्रिल म्हणजे राखाडी चमक.
- आन्द: लांब. दुइन: मोठी नदी. दोन्ही मिळून आन्दुइन.
- किरिथ: खिंड. उंगोल: कोळी. किरिथ उंगोलमध्ये काय दडलंय ते नावातच सांगून ठेवलंय.
- एल, गिल: तारा. एल्रोंद म्हणजे ताऱ्यांचा घुमट.
- लास: पान. लेगोलास म्हणजे हिरवी पालवी.
- -रिम, -आथ, -होथ: समूह. पहिला लोकांसाठी, दुसरा नुसता समुच्चय, तिसऱ्यात झुंडीचा वास.

अनेकवचन हा इथला सगळ्यात मोठा खड्डा. सिंदारिनमध्ये अनेकवचन प्रत्ययाने होण्यापेक्षा शब्दाच्या पोटातला स्वर बदलून होतं: ओरोदचं एरेद, आमोनचं एमिन, बारादचं बेराइद, दूनादानचं दूनेदाइन. कापूस–कापसाचा, फूल–फुलाला असे पोटातले बदल आपण रोज करतो, त्यामुळे कल्पना परकी नाही. पण शब्दसूचीत ‘एरेद’ शोधून सापडत नाही, कारण नोंद ‘ओरोद’खाली असते. नावात ‘ए’ असूनही शब्द मिळत नसेल, तर जागी ‘आ’ किंवा ‘ओ’ घालून बघा.

दुसरा खड्डा समासातला. दुसऱ्या पदाचं पहिलं व्यंजन मऊ पडतं: प चा ब, त चा द, क चा ग, ब आणि म चा व, आणि ग चक्क नाहीसा. आर्वेन म्हणजे थोर कन्या, पण ‘वेन’ असा स्वतंत्र शब्द शोधू नका. तो ‘ग्वेन’ आहे, समासात ग गळाला. केलेब्रिम्बोर म्हणजे रुपेरी मूठ. मुठीला ‘पाउर’ म्हणतात, आणि अनुनासिकाला चिकटून प चा ब झाला.

क्वेन्या आणि सिंदारिन बहिणी आहेत, म्हणून त्यांच्यात ठरावीक वर्णबदल दिसतात, सप्त–सात, हस्त–हात यांसारखे. क्वेन्याचा स कित्येकदा सिंदारिनमध्ये थ म्हणून भेटतो. चंद्र क्वेन्यात ‘इसिल’, सिंदारिनमध्ये ‘इथिल’. सूर्य ‘आनार’ आणि ‘आनोर’. एवढं कळलं की एक सुंदर जोडी उघडते. राजा एलेन्दिलचे दोन मुलगे, इसिल्दुर आणि आनारिओन: एक चंद्राचा सेवक, दुसरा सूर्याचा पुत्र. नावं राजघराण्याची, म्हणून क्वेन्या. त्यांच्या दोन गढ्या मिनास इथिल आणि मिनास आनोर, चंद्रगढी आणि सूर्यगढी. जागांची नावं, म्हणून सिंदारिन. पुढे चंद्रगढी शत्रूच्या हाती गेली आणि मिनास मोर्गुल झाली. तेव्हा सूर्यगढीने नाव बदललं आणि ती मिनास तिरिथ झाली, पहाऱ्याची. चार नावांत दोन शहरांचा सगळा इतिहास आला. फोड करण्याचा खटाटोप करावा तो अशा क्षणांसाठी.

फसवणारी नावं

गालाद्रिएल. कितीतरी ठिकाणी तिचा अर्थ ‘झाडांची राणी’ दिलेला असतो. कारण उघड आहे. ती लोथ्लोरिएनच्या वनात राहते आणि तिच्या लोकांना गालाध्रिम म्हणतात, वृक्षजन. झाड म्हणजे ‘गालाध’, शेवटी ध. तिच्या नावात मात्र ‘गालाद’ आहे, शेवटी द, आणि त्याचा अर्थ तेज. ‘-रिएल’ म्हणजे डोक्यावर माळ ल्यालेली कन्या. तेजोमय माळेने मंडित अशी ती. तिच्या सोनेरी केसांना उद्देशून पडलेलं हे नाव, वनाशी त्याचा संबंध नाही. लोथ्लोरिएनच्या बाहेरची माणसंसुद्धा तिचं नाव झाडाशी जोडून चुकवत, असं टॉल्किननीच नोंदवलं आहे. इंग्रजी वाचकाला छापलेल्या डी आणि डी-एच मधला फरक चटकन जाणवत नाही. आपल्याला जाणवतो, तेव्हा आपण तरी ही चूक करू नये.

साम्यावरून नातं जोडणं हा दुसरा मोह. सौरॉन म्हणजे ग्रीक ‘साउरोस’, सरडा? टॉल्किननी पत्रात स्पष्ट नाकारलं. नाव क्वेन्यातलं, अर्थ घृणास्पद. मोरिया बायबलमधल्या मोरिया डोंगरावरून? तेही नाकारलं, एका स्कँडिनेव्हियन लोककथेतल्या सोरिया मोरिया किल्ल्याच्या नावाचा नाद कानात होता, इतकंच ते मान्य करतात. रोहानच्या बाबतीत तर फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात त्या नावाचं जुनं घराणं आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि शब्दाचा आकार आवडलाही होता. पण घोड्याचा एल्फ शब्द त्यांच्यापाशी आधीच तयार होता. म्हणजे बाहेरचा नाद आणि आतला अर्थ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. वहीत दोन रकाने आखा. मोर्दोरसमोर अर्थाच्या रकान्यात ‘काळा प्रदेश’, आणि नादाच्या रकान्यात प्राचीन इंग्रजीतला ‘मोर्थोर’, म्हणजे खून.

कधी दोन्ही अर्थ लेखकालाच हवे असतात. ओर्थांक हा सारुमान या जादूगाराचा मनोरा. पुस्तकातच सांगितलंय की एल्फांच्या भाषेत त्याचा अर्थ सुळका-दात, आणि रोहानच्या जुन्या भाषेत कपटी बुद्धी. अशी ग्वाही पुस्तकातून मिळाली तरच दुहेरी अर्थ धरायचा.

तिसरी अडचण काळाची. टॉल्किन आयुष्यभर भाषा बदलत राहिले. त्यांची धातूंची मोठी सूची १९३७–३८ च्या सुमाराची, छापली गेली १९८७ मध्ये. त्या सूचीत आजच्या सिंदारिनच्या जागी ‘नोल्दोरिन’ आहे आणि काही रूपं वेगळी आहेत. म्हणून पुराव्याला क्रम लावा. सगळ्यात वर पुस्तकात सांगितलेला अर्थ. मग ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या खंडाची परिशिष्टं, विशेषतः उच्चारांचं आणि भाषांचं. मग १९७७ च्या ‘द सिल्मरिलियन’मागची शब्दघटकांची सूची, हाताशी एकच ठेवायची असेल तर हीच ठेवा. त्यानंतर पत्रं, आणि शेवटी जुनी सूची. एल्फ नावं तयार करून देणाऱ्या संकेतस्थळांवरच्या अर्थांचा या क्रमात समावेशच नाही. तिथे चाहत्यांनी भर घातलेले शब्द आणि मूळ शब्द सरमिसळ झालेले असतात.

रोहान आणि ड्वॉर्फ: इथे खरा कोश चालतो

या थराला एल्फ शब्दसूची लावू नका. इथल्या भाषा खऱ्या आहेत. बॉस्वर्थ-टॉलरचा प्राचीन इंग्रजी कोश इंटरनेटवर मोफत आहे. तिथे थ साठी टी-एचऐवजी ‘थॉर्न’ हे जुनं अक्षर वापरलेलं आहे. ‘थेओदेन’ शोधताना हे लक्षात ठेवा. त्याचा अर्थ राजा, लोकांचा धनी. एओमेर म्हणजे अश्वकीर्ती, एओविन म्हणजे अश्वानंद. ग्रीमा, तो राजाचे कान भरणारा सल्लागार, त्याच्या नावाचा अर्थ मुखवटा. सारुमानमधला ‘सेआरु’ म्हणजे कसब, डाव. सॅमवाइज म्हणजे अर्धवट शहाणा, आणि फ्रोदोमधला ‘फ्रोद’ म्हणजे अनुभवाने शहाणा. मालक आणि माळी यांची ही जोडी मुद्दाम जुळवलेली.

संस्कृतशी नातं शोधायची हौस इथे भागवून घ्यावी, कारण ते खरोखरचं आहे. एओविनमधला ‘एओख’ हा आपल्या ‘अश्व’चा चुलतभाऊ, दोन्ही एकाच इंडो-युरोपीय मुळातून आले. राजाचा दरबार मेदुसेल्द, त्यातला ‘मेदु’ म्हणजे मधापासून केलेलं मद्य, आपला ‘मधु’. मध्य-पृथ्वी हे नाव ‘मिद्दान्गेआर्द’वरून आलं, त्यातला ‘मिद्द’ आपला ‘मध्य’. एल्फ नावांत असं काही सापडलं तर ते निव्वळ योगायोग समजा.

ड्वॉर्फांची खरी नावं गुप्त, ती थडग्यावरही कोरत नाहीत. जगाला सांगायची नावं उत्तरेच्या माणसांच्या भाषेतली, म्हणजे नॉर्स. त्यातली बहुतेक ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स काव्यातल्या ड्वॉर्फांच्या यादीतून जशीच्या तशी घेतली आहेत: दुरिन, द्वालिन, थोरिन, बोंबुर, नोरी, ओरी. बालिन त्या यादीत नाही, हे लक्षात ठेवा. गँडाल्फ मात्र आहे. ‘गांद’ काठी, ‘आल्फ’ एल्फ, काठीवाला एल्फ. जादूगाराचं नाव ड्वॉर्फांच्या यादीत कसं? ‘द हॉबिट’च्या पहिल्या खर्ड्यात हे नाव ड्वॉर्फांच्या म्होरक्याचं होतं, जादूगाराचं नाव तेव्हा ब्लादोर्थिन होतं.

मराठीत आणताना

१९५६ मध्ये डच आणि १९५९ पासून स्वीडिश अनुवाद आले. त्यांतल्या नावांवर टॉल्किन नाराज होते. म्हणून त्यांनी १९६६–६७ मध्ये अनुवादकांसाठी नावांची मार्गदर्शिका लिहिली. ती १९७५ मध्ये छापून आली. तिचं सूत्र सोपं आहे. जे नाव इंग्रजीत अर्थ सांगतं, ते आपल्या भाषेत अर्थानेच आणावं. बाकीची नावं तशीच ठेवावीत.

म्हणजे गोंदोर, काराध्रास, एओविन यांना हात लावायचा नाही. बॅगिन्स मात्र बदलायला हवं. त्यात ‘बॅग’ ऐकू येणं गरजेचं आहे, कारण त्यांचं घर बॅग एंड, आणि ड्रॅगनशी बोलताना ‘द हॉबिट’चा नायक बिल्बो त्या शब्दावर खेळतो. मराठीत आडनाव ‘झोळे’ आणि घर ‘झोळतळ’ ठेवलं तर दोन्ही धागे शाबूत राहतात. इथे तत्सम शब्दांचा मोह टाळावा. शायर हा खेडवळ मुलुख आहे. तिथल्या आडनावांना मातीचा वास हवा; ‘कोषांत’ किंवा ‘स्यूतक’ असलं काही ठेवलं की तिथल्या माणसांना उगीच शालजोडी पांघरल्यासारखं होतं.

एक गोष्ट छपाईला देण्यापूर्वी तपासा. सगळ्या मजकुरात गालाद्रिएलला द आणि गालाध्रिमला, तसंच त्यांच्या कारास गालाधोन या नगरीला ध, असं एकसारखं पडलंय ना? मुद्रितं वाचणारा हे शब्द सारखे दिसतात म्हणून ‘दुरुस्त’ करून टाकतो. त्याच्यासाठी कागदावर वेगळी सूचना लिहून ठेवावी.